अर्ध्या पानाचा रिपोर्ट

सोमवार, ३ जून
लॅबमधला माझा कम्प्युटर बदलला! मला न विचारता! मशीन तेच, आतली सिस्टिम नवी. विकतची काढली आणि फुकटची घातली. नव्या कम्प्युटरवाल्याचं डोकं, दुसरं काय. "जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलीय, बाई. कुणीही बघावं, कुणीही सुधारावं." म्हणजे हिला धनीच नाही! आणि फुकट कोण कुणाला काय देतं? कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, ५ जून
रक्ताचे रिपोर्ट आम्ही अर्ध्या पानावर छापतो. ही बया दर वेळी पूर्ण पान धरून बसते. अर्धं पान हवं, हे सांगायची जागा तीन खिडक्या आत दडवलीय. बाहेर पेशंट ताटकळलेले, आत मी घामाघूम. एकोणीस वर्षांत अशी शोभा झाली नव्हती. जुनी अडायची नाही असं नाही, पण तिचं अडणं मला पाठ होतं.

कम्प्युटरवाला मागे उभा. मदत नाही — वहीत लिहितोय! "तुम्ही करा बाई, मी नुसता बघतो."

शुक्रवार, ७ जून
तो चहाला गेला तशी वही उघडली. 'बाई : सोमवारी चारदा अडकल्या, बुधवारी सहादा, आज पाचदा.' हे लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंसमोर ठेवणार आणि माझ्या खुर्चीत कुणीतरी चुणचुणीत मुलगी आणून बसवणार!

घरी ह्यांना सांगितलं. "अगं, उगाच राईचा पर्वत करतेस." ह्यांचं काय जातंय! हे निवृत्त होऊन बसलेत, घर माझ्या पगारावर चालतं.

सोमवार, १० जून
कम्प्युटरवाल्याने विचारलं, "जमतंय ना?" मी म्हटलं, "अगदी!" अडले तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. वही रिकामी राहिली पाहिजे.

बुधवार, १२ जून
वही उघडी ठेवून लॅबच्या मेलवरून काहीतरी पाठवत होता. कुणा परदेशी माणसांना! विचारलं तर म्हणे, "सिस्टिम बनवणाऱ्यांना." हसलाही वर.

गुरुवार, १३ जून
डॉक्टरीणबाईंना सांगितलं : तो पेशंटची नावं बाहेर पाठवतोय. नावं मी पाहिली नव्हती. पण बोलले, डोळ्याला डोळा देऊन बोलले. तासाभरात त्याला काढलं. जाताना माझ्याकडे वळला, "बाई, ते प्रिंटचं तेवढं..." डॉक्टरीणबाईंनी पुढे बोलू दिलं नाही.

सुटले एकदाची.

मंगळवार, २ जुलै
सिस्टिमने 'नवे बदल घ्यायचे का?' विचारलं. घेतले. आणि काय! अर्धं पान पहिल्याच खिडकीत! एकदा सांगितलं ते दिवसभर लक्षात ठेवलं. दुपारपर्यंत सगळे रिपोर्ट बाहेर. पण मनात पाल चुकचुकलीच — माझ्या जागी येणारीची सोय करून गेला की काय?

बुधवार, ३ जुलै
लॅबच्या मेलवर सिस्टिमवाल्यांचं उत्तर आलंय, 'तुम्ही सांगितलं तसं बदललं, आभार.' खाली त्याचं मूळ पत्र. "आमच्या बाई एकोणीस वर्षं हे काम करताहेत. त्या चुकत नाहीत, तुमची खिडकी चुकलीय. त्या कुठे कुठे अडकल्या ते खाली दिलंय." पेशंटचं एकही नाव नाही.

डॉक्टरीणबाई आत एकट्याच आहेत. खरं सांगितलं तर माझी खुर्ची जाईल. एवढं लिहून आत जायला उठतेय.