पुढच्या चाकावरचं तेल

प्रिय नवनीत,

बापूंची मोटारसायकल गोठ्यातून बाहेर काढली, हे चेतनाने तुला फोनवर सांगितलंच आहे. ऐकून तू विषय बदललास, असं ती म्हणाली. मी तरी तीन वर्षं काय वेगळं केलं? वैरण काढायला जायचे तेव्हा गाडी झाकलेल्या ताडपत्रीकडे पाठ करूनच जायचे. कोंबड्यांनी तिच्यावर बस्तान मांडलं होतं, तेही उठवलं नाही.

चेतनाला आरोग्य सेविकेची ऑर्डर आली ती तोरणमाळच्या वाटेवरच्या उपकेंद्राची. म्हणाली, बापूंची गाडी मी चालवते. मी नाही म्हटलं. ज्या घाटात तुझे बापू गेले, त्याच घाटात त्याच गाडीवर पोरगी रोज जाणार, हे मला ऐकवेना. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "माय, मी एस.टी.ची वाट पाहत बसले, तर बाळंतीण मन्ही वाट दखी का?" मी एवढंच म्हटलं, आधी ब्रेक आणि शॉकअप सगळे नवे बसव. आणि बसवताना मी समोर बसणार.

म्हणून शहाद्याला शांतीलाल मेकॅनिककडे गेलो. बापू वायरमन, दिवसभर विजेच्या खांबांच्या मागे गाडी खडबडीत रस्त्याने हाणायचे, त्यामुळे वर्षातून चारदा तरी शांतीलालच्या दुकानात त्यांची बैठक असायची. टेम्पोतून गाडी उतरवली, तेव्हा तो हात पुसत पुढे आला. मग त्याने स्टूल आणून दिलं. मी दोन्ही दिवस तिथून हलले नाही, तेव्हा म्हणतो कसा, "वैनी, गाडी दखाले उनात का सून?" मी म्हटलं, सून बघायला आले तरी एवढं बारकाईने बघणार नाही मी.

बापूंना ती गाडी का आवडायची ते तुला मी काय सांगू. गोल दिवा, फुगीर टाकी, जुन्या धाटणीचा थाट. पण शांतीलाल म्हणाला की थाट जुना तसा ब्रेकही जुनाच, पुढच्या चाकालासुद्धा ड्रम, म्हणजे चाकाच्या आत झाकलेला ब्रेक. घाटासाठी पुढे डिस्क ब्रेक पाहिजे, त्यासाठी पुढचे शॉकअप आणि चाकही बदलावं लागेल. मागचे शॉकअप गॅसचे घालू. मला त्यातलं नाव न् नाव कळावं म्हणून नव्या सामानाच्या खोक्यातला कागद मी मागून घेतला आणि चित्रं पाहून जुळवत बसले. तुझ्या दुसरीच्या पुस्तकावर मी अक्षरं जुळवायला शिकले, तशीच.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

त्या दसऱ्याला तू गाडी धुतलीस. विहिरीवरून बादल्या आणून, चाकाची तार न् तार पुसून. मग चेनला, ब्रेकच्या वायरीला, पायाच्या दांडीला तेल सोडलंस. आपल्याकडे दसऱ्याला विळा-कोयत्यालाही तेलाचा हात लावतात, तसाच लावलास. झेंडूची माळ घातलीस. बापू म्हणाले, आज गाडी नवरदेव झाली. दुसऱ्या दिवशी वर लाईन बंद पडली म्हणून ते तोरणमाळला गेले आणि उतरताना वळणावर कठड्याला जाऊन आदळले. चौकीच्या आवारात गाडी उभी होती. तिचं पुढचं चाक तेलाने माखलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी आले, दारावर माणसं बसायला आलेली, तू डोकं भादरून कोपऱ्यात बसलेला. आणि सगळ्यांसमोर मी बोलले, "ह्या पोऱ्यानीच ब्रेकमा तेल सोडं."

तू मान वर केली नाहीस. दिवस उरकले आणि सुरतेला निघून गेलास. तेव्हापासून तू हातात पाना धरला नाहीस, हे मला चेतनाने सांगितलं. साड्यांचे गठ्ठे बांधतोस. लहानपणी घरातलं घड्याळसुद्धा उघडून बसणारा पोरगा.

दुकानात दुसऱ्या दिवशी दुपारी शांतीलालने पुढचं चाक सोडवलं आणि ड्रम उघडला. मी उठून जवळ गेले. त्याने आतला लायनर, म्हणजे ब्रेक लावला की चाकाला घासते ती पट्टी, काढून माझ्या तळहातावर ठेवला. कोरडा होता. चुलीतल्या राखेसारखा कोरडा, नुसती करडी भुकटी. मी नखाने खरवडून पाहिलं, वास घेऊन पाहिला. तेल एकदा लायनरमध्ये मुरलं की तो काळा, चिकट होतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणाला. मग मी विचारलं, चाकावर मी पाहिलं ते तेल कुठलं? त्याने पुढचा शॉकअप दाखवला. त्याच्या नळीत तेल असतं, नवनीत, मला कुठे माहीत होतं. कठड्याच्या धक्क्याने नळी वाकली, सील फाटलं आणि सगळं तेल चाकावर उतरलं. म्हणजे गाडी आदळली आणि मग तेल आलं. मी ते उलटं धरून बसले होते.

त्याने मागचं टायरही फिरवून दाखवलं. सगळीकडे नक्षी होती, एकाच जागी वीतभर सपाट. चाक फिरत असतं तर असं एका जागी घासलं नसतं. "वैनी, ब्रेक लागेल व्हता," तो म्हणाला. "जोरमा लागेल व्हता. खाले पावसानी आनेल मुरूम व्हता. तुमना पोऱ्यानी काहीच बिघाडेल नही." नवा ब्रेक असता तर ते वाचले असते का, हेही मी विचारलं. त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, मुरुमावर कोणाचं काय चालतं.

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. तीन वर्षांत रडले नव्हते असं नाही, पण हे रडणं निराळं होतं. नंतर इतकी भूक लागली की शांतीलालच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा मीच संपवला. चेतना बघतच राहिली.

गाडी घरी आणताना चेतनाच्या मागे मी बसले. आपल्या पुलापुढचा तो खड्डा आला, मी डोळे मिटले, तर गाडी नुसती खाली बसून वर आली, पाळण्यासारखी. तिने मुद्दाम ब्रेक मारून दाखवला. जागच्या जागी उभी. सोमवारपासून ती घाट चढते. मला काळजी वाटतेच, पण ती आता काळजीएवढीच आहे.

रविवारी मी त्याच सगळ्यांना घरी बोलावलं, जे त्या दिवशी दारावर बसले होते. शांतीलालही आला. लायनर मी स्वतः एकेकाच्या हातात दिला आणि म्हटलं, मी खोटं बोलले होते, माझ्या पोराचा दोष नव्हता. तुझे नवलसिंग काका म्हणाले, "आते काय उपेग, वैनी?" मी म्हटलं, "उपेग मन्हा पोऱ्याले शे." शेजारची मोतीबाई एवढी तोंडाळ, पण तिनेही डोळ्याला पदर लावला.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "तब्येत बरी ना" म्हणतोस आणि ठेवतोस. शिवाय तोंडचं बोलणं विरून जातं म्हणतात, ते खरं नाही. माझं एक वाक्य तू तीन वर्षं वाहिलंस. म्हणून त्याच्या उलटं वाक्य मी कागदावर लिहून देते. बापू तुझ्यामुळे गेले नाहीत. तू केलेलं काम चांगलं होतं. मी चुकले, मला माफ कर. तू ये, असं मी लिहीत नाही. ते तुझ्या मनावर आहे. हा कागद मात्र जपून ठेव. उद्या मी नसले आणि कोणी पुन्हा तसं बोललं, किंवा तुझंच मन बोललं, तर काढून वाच. खोटं वाटू नये म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे.

तुझीच माय,
नर्मदाबाई भिला पाटील