दुखरी दाढ

लिंबायत, सुरत
९ मार्च १९९६

ती. काशीआक्का यांस,
सुंदराचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. तुमचे भाऊ काल सकाळच्या गाडीने निघाले, पोचले असतील. लग्नाची तारीख नीट बघून ठरवा. प्रज्ञाला सख्खी आत्याच सासू मिळतेय, आणखी काय हवं? आमच्या होणाऱ्या जावयाला, प्रमोदला आशीर्वाद.

त्यांना भाकरी दुधात कुस्करून वाढा, पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. गेल्या आखाजीच्या सणाला त्यांनी तुम्ही केलेले पुरणाचे मांडे खाल्ले नाहीत म्हणून तुम्ही फुगून बसला होतात. आक्का, तो माज नव्हता. त्यांच्या तोंडाला लाळच सुटत नाही, कोरडा घास घशात अडकतो. तोंडही धड उघडत नाही.

बघा, जेवणाचंच लिहीत बसले. खरं लिहायला हात धजत नाही.

त्यांची दाढ ठणकतेय. निघताना प्रज्ञाला म्हणाले, "आक्काकडे जाईसन दाढ काढी टाकसू." मला हे आज कळलं, तशी लगेच लिहायला बसले. तुमचा स्वभाव मला ठाऊक. कुणाचं काही दुखलं की त्याचा हात धरून तुम्ही दवाखान्यात निघालातच! एरवी मी हसते. या वेळी पाया पडते, थांबा.

तीन वर्षांमागे मुंबईला साध्या गाठीसाठी गेलो, असं तुम्हाला सांगितलं होतं. ती गाठ कॅन्सरची होती, जिभेच्या मुळाशी. रेडिएशनचे शेक दिले, गाठ गेली. पण डॉक्टरांनी बजावलंय, शेक दिलेल्या जबड्यातली दाढ आम्हाला विचारल्याशिवाय काढायची नाही. जखम भरत नाही, आतलं हाड कुजतं. हा धोका जन्मभराचा. यांना वाटतं, इतकी वर्षं झाली, आता काय होतंय! आणि पुन्हा मुंबईला गेलो तर तुम्हाला संशय येईल, सोयरीक मोडेल, ही भीती.

लपवायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. आज प्रज्ञाच म्हणाली, "आई, आत्याला लिही. माझं लग्न नंतर बघू."

शेजारचे बन्सीलालभाऊ आजच्या गाडीने हे पत्र आणताहेत. चष्मा लावून स्वतःच वाचा. सोयरीक मोडायची असेल तर मोडा, फक्त त्यांना आत्ता बोलू नका. दाढेला मात्र कुणाला हात लावू देऊ नका. काढून झाली असेल तर लगेच निरोप पाठवा, मी मुंबईची तयारी करते.

विहीण म्हणून सही करायची फार हौस होती. ती आज राहू द्या.

तुमच्या भावाची बायको,
सुंदरा