बोर्डाला लावलेलं ओलं कुंकू

मुळगाव, दसरा, संध्याकाळ

सांगते मी, लिहिते माझी नात सुमन. परवा कॉलेजात तिने बनवलेल्या तारा-दिव्यांच्या बोर्डाची परीक्षा. तो बोर्ड शेजारचे दोन आकडे ताडून बघतो, मोठा पुढे सरकवतो आणि सगळे ओळीने लावतो. मी नारळ तसेच लावते, पण मला कोण इंजिनियर म्हणतं?

दुपारपासून बोर्डाचे दोन दिवे, विझायला हवे तेव्हाही, विझतच नाहीत. सुमन जेवली नाही. "आजी, वर्ष फुकट गेलं गो!" म्हणाली. 

सांगू की नको? सकाळी कोयता पुजला, तेव्हा बोर्डालाही कुंकू लावलं. ओलं होतं. मग पदराने पुसलं, पण तारांत उतरलं असेल का? फार ओलं होतं ते.

पेन का थांबलं, बाय? लिही. शिव्या मागाहून दे.