हिरवा उजेड परत येतो

प्रिय बारके,

अक्षर एवढं मोठं काढलंय म्हणून हसू नकोस. फोनवर तू ‘इकडे सगळं ठीक आहे’ म्हणतेस, मी ‘इकडेही’ म्हणते, आणि दोघी खोटारड्या फोन ठेवून देतो. म्हणून पत्र.

दमले आहे गं. प्रयोगशाळेतली अंधारी खोली अजून तशीच आहे, दाराला तूच शिवलेला दुहेरी काळा पडदा आहे. आत गेल्यावर नजर अंधाराला सरावेपर्यंत आपण नुसत्या बसायचो. त्याला तू ‘डोळे मुरवणं’ म्हणायचीस आणि तेवढ्यात माझ्याशी एखादं भांडण उरकून घ्यायचीस. आता एकटीच डोळे मुरवते.

काम तेच. दोन काचांमधला तो पातळ थर, जांभळा दिवा धरला की हिरवा उजळणारा. जरासा विद्युतदाब दिला की मावळायचा, दाब उलटा केला की पुन्हा उजळायचा. पहिल्यांदा तो उजळला तेव्हा तू ओरडली होतीस, “ताई, जिवंत आहे!” त्याच महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले. माझी नोकरी पक्की, तुझी कच्ची, म्हणून बाबांना सांभाळायला गावी जायचं सामान तू बांधलंस. मी तुला थांबवलं नाही आणि तू एका शब्दानं कुरकुरली नाहीस.

यंदा मात्र उजेड एकदा मावळला की परत येईना. एकेक काच ‘मेली’ म्हणून मी बाद डब्यात टाकत गेले. मापनयंत्र सांगत होतं, उजेड पुरता परत आलाय. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलतंय. सरांशी वाद घालून ते दुरुस्तीला पाठवलं. ठणठणीत म्हणून परत आलं, तरी मी ऐकेना. शेवटी सर स्वतः माझ्याशेजारी अंधारात बसायला आले. येताना स्टुलाला अडखळले, मला हसू आवरेना. मी दाब उलटा केला आणि म्हटलं, बघा, काळंकुट्ट. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. मग हळूच म्हणाले, “अगं, लख्ख हिरवं दिसतंय की.”

नाचता येईना अंगण वाकडं, बारके. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. मंद उजेड आधी जातो, बाकीची नजर बरीच वर्षं टिकेल, पण गेलेलं परत येणार नाही. घरी येऊन मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी बाद डब्यातल्या सगळ्या काचा पुसून कपाटात लावल्या. चांगल्या आहेत त्या. तुझी पहिलीसुद्धा.

दिवसाउजेडी मला सगळं दिसतं. बाबांची दाढी करता येईल, त्यांना हाताला धरून फिरवता येईल. तुझ्यासारखं त्यांचं बोलणं निमूट ऐकून घेणं जमेल का, ते सांगता येत नाही. सरांशी बोलले आहे. माझ्या जागी तुझं नाव काढल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कधी येतेय?” फोनवर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारत नाही, कळवते आहे: रविवारी मी घरी येतेय, तू तुझी बॅग भरून ठेव. आणि प्रयोगशाळेतून फोन करशील तेव्हा ‘सगळं ठीक आहे’ चालणार नाही. तो हिरवा उजेड परत येताना आधी कडेनं येतो की मधून, हळूहळू येतो की एकदम, सगळं नीट सांगायचं. मला तो आता तुझ्याच तोंडून दिसणार आहे.

तुझीच, भांडायला टपलेली,
ताई