प्रो आणला, पण फरक दिसतो का

८ नोव्हेंबर, शनिवार
प्रो आला. गेम कन्सोलचं नवं, महागडं मॉडेल. बोनस त्यातच गेला, पण आला. जुना गेम कन्सोल उत्तम चालत होता, हे संदेशने खोका उघडायच्या आधी सांगितलं आणि उघडल्यावर परत सांगितलं. नवरा म्हणून तेवढं माफ.
वायरी जोडल्या. अपडेट होण्यात दुपार गेली. मग सुरू केला. तोच डोंगर, तोच घोडा, तीच धनुष्यवाली पोरगी. गवताकडे बघितलं. टीव्हीच्या जवळ जाऊन परत बघितलं. गवत छान आहे. आधीही छान होतं बहुतेक.
सं.ला म्हटलं, बघ केवढा फरक. तो म्हणाला, कुठे? म्हटलं, गवतात. तो किचनमध्ये निघून गेला.
सासूबाई सोफ्यावर, त्यांच्या ठरलेल्या जागी. "बरा दिसता," म्हणाल्या. घरात एका माणसाला तरी नजर आहे.

९ नोव्हें., रवि
सकाळभर जुन्या-नव्याच्या तुलनेचे व्हिडिओ. एक मुलगा दोन्ही चित्रं शेजारी ठेवतो, एका डबक्यावर झूम करतो, आणखी झूम करतो, मग बाण काढतो. बघितलं. डबकं खरंच जास्त ओलं आहे. मग लक्षात आलं, हे सगळं मी तळहाताएवढ्या फोनवर बघतेय.
संध्याकाळी आईंबरोबर खेळले. (माझी आई नव्हे, ह्याची.) मी ऑफिसातून येते, चहा होतो, मी खेळते आणि आई शेजारी बसून मालिका बघावी तसं बघतात. कधीपासून हे सुरू झालं आठवतही नाही. पोरगी हरवलेल्या भावाला शोधत रानोमाळ फिरतेय. आई तिला चेडू म्हणतात, मालवणीत पोरीला म्हणतात तसं. चेडू कधी जेवत नाही, ह्याचा त्यांना घोर. आज नदी ओलांडली तर म्हणाल्या, "थंडी बाधतली गो तिका."

१२ नोव्हें., बुध
जुना कन्सोल ऑफिसातला प्रथमेश घेणार. आज विचारलं त्याने, फरक पडतो का? माझ्या तोंडून निघून गेलं, जमीन-अस्मानाचा. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, मग जुना कशाला घेऊ, मीपण प्रोच घेतो.
लंचपर्यंत त्याला पटवत बसले की जुनाही तितकाच चांगला आहे. तितकाच? म्हटलं, जवळजवळ. "मग तुम्ही का बदललात?"
ह्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. रविवारी न्यायला येतोय.

१५ नोव्हें., शनि
सं.ने परीक्षा काढलीय. प्रथमेश यायच्या आत दोन्ही मशीन टीव्हीला जोडायची. हा बदलत राहणार, मी पाठ करून उभं राहायचं, वळायचं, ओळखायचं. शिवडीच्या गोडाऊनमध्ये दिवसभर माल तपासतो, ती सवय घरी आणली.
हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. भीती होती, पण ते काय कारण झालं?

१६ नोव्हें., रवि
नापास.
सुरुवातीला बरोबर येत होतं, कारण नव्याचा पंखा हळू वाजतो. सं.च्या ते लक्षात आलं, त्याने किचनचा एक्झॉस्ट लावला. तिथून पुढे माझी वाताहत. जुन्याला नवा म्हटलं ते म्हटलं, वर कारणही दिलं: ढग बघ, किती मऊ आलेत. सं. हसलासुद्धा नाही. ते जास्त लागलं.
मग गंमत म्हणून आईंना विचारलं. आई एकदाही चुकल्या नाहीत. तोंड टीव्हीकडे, हात मांडीवर. नवो. जुनो. जुनो. नवो. सं.ने पुन्हा सगळं घेतलं, पुन्हा बरोबर. घाम फुटला त्याला.
म्हणजे फरक आहे. मला दिसत नसला तरी आहे.
प्रथमेश जुना घेऊन गेला. त्याला ह्यातलं काही बोलले नाही. सं.ला मात्र जेवताना ऐकवलं: सत्तरीच्या बाईला दिसतं ते तुला दिसत नाही.

१९ नोव्हें., बुध
लिहायचं मन नाही, तरी लिहिते.
संध्याकाळी खेळताना फोन आला. गेम थांबवून गॅलरीत गेले. थांबवला की काळ्या पडद्यावर नुसती सेटिंगची यादी येते, मागे वाऱ्याचा आवाज चालू राहतो. परत आले तर आई टीव्हीकडे बघत बसलेल्या. म्हणाल्या, "डोंगर बरो दिसता हां आज."
मला वाटलं थट्टा. पण आई थट्टा करत नाहीत.
विचारलं, घोडा कुठे आहे आई?
"ह्यो काय, झाडाखाली."
झाड नव्हतं. घोडा नव्हता. गेम परत चालू केला. लक्ष आईंकडे, चेडू कड्यावरून खाली पडलं. ते किंचाळल्यावर आई दचकल्या. पडताना नाही.

२० नोव्हें., गुरु
सं.ला सांगितलं. पटेना त्याला. मग परीक्षेत कसं जमलं, हाच धोशा. शेवटी दोघं आईंसमोर बसलो.
त्यांनी फार ताणलं नाही. उजवा डोळा गणपतीपासून धुरकट, डावाही फारसा बरा नाही. माणसं चालण्यावरून ओळखतात, भाजी हाताने निवडतात. गेममध्ये रंग हलतात तेवढे कळतात, बाकी आवाजावर.
आणि परीक्षा? "नवो लावलो की ह्यो 'हां, आता सांग' म्हणता. जुनो लावलो की नुसता 'सांग'. माझो झील मां तो."
झील, म्हणजे मुलगा, कान खाजवत बसला. माझा विजय गेला, त्याची परीक्षाही गेली. एरवी हसून लोळलो असतो.
मी विचारलं, आम्हाला सांगितलं का नाही? उत्तर त्याला नाही, मला दिलं: "दिसणा नाय असा सांगितलंय असता, तर तू माका बाजूक बसवलं असतंस?"
मी लगेच म्हटलं, बसवलं असतं.
आता लिहिताना परत विचार केला. हो. बसवलं असतं. पण विचार करावा लागला.

२२ नोव्हें., शनि
दादरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू, दोन्हीकडे. उजवा पिकलेला, तो आधी काढायचा. डॉ. माझ्याहून लहान, बोलायला गोड. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाल्या. करी रोडच्या जुन्या चाळीत शेजारच्या काकींचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. डॉ. म्हणाली, आजी, तो काळ वेगळा होता. आई म्हणाल्या, काकींच्या डॉक्टरानं पण असाच गोड सांगितला होता.


२४ नोव्हें., सोम
सं.ने समजावलं, मग चिडला, मग गावाच्या मामांना फोन करायला लावला. आई फोनवर हो म्हणाल्या, ठेवल्यावर नको.
मग मी नीचपणा केला. म्हटलं, ठीक आहे, गेम मी एकटीच संपवते. भाऊ सापडला की नाही, तुम्हाला सांगेन.
 जेवणं झाली. ताट उचलताना म्हणाल्या, "माका दिसापर्यंत तू त्येका हात लावतलंस नाय."
म्हणजे ऑपरेशनला तयार. आणि घरातली सगळ्यात महागडी वस्तू आजपासून बंद. धूळ बसू नये म्हणून आईंनी वर क्रोशाचा रुमाल टाकलाय. मागचा पंखा झाकला जातो हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

१ डिसें., सोम
ऑफिसात प्रथमेश रोज येऊन सांगतो, तुमचा जुना काय भारी आहे, काय ग्राफिक्स. तोच गेम खेळतोय, माझ्या पुढे गेलाय. भावाचं काय होतं ते सांगायला लागला की मी कानात बोटं घालते. साहेबांनी बघितलं.

४ डिसें., गुरु
ऑपरेशन. आत जाताना आईंनी बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. गरम होत्या. सं. बाहेर बाकावर पाय हलवत बसला. मी त्याला म्हटलं छोटं असतं रे हे, सगळ्यांचं होतं. सगळ्यांचं होतं, पण काकींचं मला सारखं आठवत होतं. त्यांना मी कधी पाहिलेलंही नाही.
चहा गार व्हायच्या आत दार उघडलं. आई चालत बाहेर आल्या. डोळ्यावर पट्टी, मान ताठ. पहिलं वाक्य, बांगडये खंय आसत?
सं. भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. सर्दी म्हणाला.

१४ डिसें., रवि
थेंब चालू आहेत. डॉ.ने आज टीव्हीला परवानगी दिली.
त्याआधी आईंनी घर बघून घेतलं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं. गॅसमागचा डाग. सं.चं पोट. मग माझ्याकडे वळल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं काय? म्हणाल्या, केस पिकले गो तुझे. आणि हाताने मागे सारले.
रुमाल काढला, गेम लावला. चेडू शेकोटीपाशी बसलेलं होतं. आई पुढे सरकल्या.
"गालार बारीक बारीक ठिपके आसत हिच्या."
आहेत. मला इतक्या महिन्यांत दिसले नव्हते. सं. किचनमधून बघायला आला, त्यालाही आज दिसले.
आता प्रश्न, हे प्रोमुळे की आधीही होते? प्रथमेशला मेसेज केला. त्याचं उत्तर: काहीतरी आहे गालावर, पण आमचा टीव्ही पुसलेला नाही. परत विचारलं, पुसून बघ. मेसेजखाली निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

१७ डिसें., बुध
डाव्या डोळ्यासाठी डॉ. लवकरची तारीख द्यायला तयार आहे. आई म्हणतात, पयलो भाव सापडांदे. मगे डोळो. परत पट्टी, परत थेंब, परत गेम बंद, हे त्यांना मधेच नकोय.
सं. मला आत बोलावून म्हणाला, संपवून टाक ना तो गेम एकदाचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मला खेळ म्हणून सांगितलं.

२१ डिसें., रवि
दुपारपासून खेळतेय. कुठे थांबायचं नाही, सरळ भावाकडे, असं ठरवून. घोडा सुसाट. ज्या गवतासाठी एवढा बोनस घातला ते बाजूने नुसतं हिरवं सरकतंय. सं. शेजारी नकाशा बघून डावीकडे, उजवीकडे सांगतोय.
तळ्यापाशी आलो. सूर्य मावळत होता. पाण्यावर सगळं सांडलेलं. आईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"थांब गो. बघूंक दी."
सं. म्हणाला, आई, पुढे किल्ला आहे, भाऊ तिथेच असणार.
आई म्हणाल्या, आसांदे. त्यांनी पाय वर घेतले, मांडी घातली.
चेडू घोड्यावरून उतरलेलं आहे. चहा झाला. आम्ही तिघं अजून तळ्यावरच.