भूकच लागत नाही

मंगळवार, संध्याकाळ

नांदेडच्या डॉक्टरांनी साखरेपायी माझी भाकरी बंद केली. सुरुवातीला डोकं जड व्हायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, भुकेनं जीव कासावीस व्हायचा. आता भूकच लागत नाही. आमची ही गेली, तेव्हा तिनंही आधी भाकरीच नको म्हटली होती. माझंही तसंच नसेल ना?

शेवटी सुनेला विचारलं. ती हसली. "मामा, जाणारं माणूस सकाळी तीन अंडी खातं का? अंगाला आता भाकरीऐवजी चरबीवर चालायची सवय लागली, म्हणून भूक कमी. डॉक्टर बोलले नव्हते का?"

बोलले असतील. पण भूक नाही म्हणजे...

आत्ता शेजारी भाकरी भाजून राहिलेत. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. मागितली नाही. पाणी सुटलं, एवढंच पुरे.