चिमटा वाकवायला माणसं दोन लागतात

लिहून ठेवणार मी, ओनोरिना तेस्सारोलो, कै. जिल्दो तेस्सारोलो यांची पत्नी, वय वर्षं त्र्याऐंशी, धंदा सायकलीच्या सांगाड्यांच्या पोलादी नळ्या वाकवणे, राहणार कास्तेलरोव्हेर, ब्रेन्ता नदीकाठी, कारखान्याच्या वरची माडी. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही, उलट या खोलीत जे बसलेत त्यांच्यावर माझंच आहे. मी सांगते आणि नोटरी झानिनबाई लिहून घेतात. खोलीत जो जे बोलेल ते सगळं उतरवायचं, असं मी त्यांना बजावलं आहे. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्रात असं करत नाहीत, ओनोरिनाबाई." म्हटलं, हेसुद्धा लिहा. त्यांनी लिहिलं.

साक्षीदार दोन. पहिली इनेस फाव्हेरो, समोरची बेकरीवाली. दुसरा सेवेरिनो तेस्सारोलो, माझा धाकटा दीर. इनेसला मी बोलावलं. सेवेरिनो आपणहून आला, रविवारचा कोट घालून, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला आहे. तो का आला ते पुढे येईल.

कलम पहिलं, माझ्या देहाविषयी. मला जिल्दोच्या डाव्या हाताला पुरावं. उजवीकडे नको, त्या कुशीवर तो घोरायचा. प्रवचन फादर उल्देरिकोंनीच करावं, माझी हरकत नाही. मात्र त्यांनी सायकलीचा विषय काढलाच तर गाणाऱ्यांनी ताबडतोब गायला लागावं.

कलम दुसरं. पोस्टात जे काही शिल्लक असेल ते गावच्या सायकल मंडळाला, वर्षाच्या जेवणासाठी. मक्याच्या पिठाचा पोलेंटा घट्ट असावा, सुरीने कापता आला पाहिजे. गेल्या वेळेसारखा पातळ केला तर पैसे परत घ्यावेत. परत कोण घेणार, असं झानिनबाईंनी विचारलं. मी येईन म्हटलं.

इथे इनेस म्हणाली, "आणि मला गं काय?"

"तुला काही नाही. तू साक्षीदार आहेस."

"म्हणजे?"

झानिनबाईंनी समजावून सांगितलं की कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, लिहिलेलं असलं तरी ते रद्द होतं.

"हे मला आधी सांगायचंस की," इनेस म्हणाली. "मी ब्रेड भट्टीत टाकून आलेय."

आता वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की सेवेरिनो कोट घालून का आला आहे. कारखाना मी त्याला देणार हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगितलं. आणि त्याने मंडळाच्या जेवणात भर पंगतीत जाहीर केलं होतं की वहिनीच्या हातची फुटकी कवडी घेणार नाही. म्हणून हा पठ्ठ्या साक्षीदार व्हायला आला आहे. एकदा सही केली की सुंठीवाचून खोकला गेला. मला त्याला हाकलता आलं असतं. पण हाकलला तर मी मेल्यावर कोर्टात जाऊन वारसा नाकारून येईल, तेवढा हेकट आहे. त्याने स्वतःच्या मनाने पेन खाली ठेवलं तर उपयोग. नाहीतर कारखाना जाईल माझ्या बहिणीच्या मुलाला, लोरिसला. लोरिसला तिथे वाइन बार काढायचा आहे. त्याने मला चित्रही दाखवलं, भिंतीवर प्लास्टिकच्या वेली आहेत.

कलम तिसरं, रेतीविषयी. नळी वाकवण्याआधी तिच्यात कोरडी बारीक रेती ठासून भरतात आणि दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारतात, म्हणजे वाकताना नळी चेपत नाही. रेती कोरडी पाहिजे म्हणून ती आम्ही इनेसच्या भट्टीत, ब्रेड निघाल्यावर, परातीत घालून ठेवतो. गावातल्या ज्या ज्या माणसाच्या दाताखाली आजवर कचकच आली त्या सर्वांची मी या कलमाने माफी मागते, आणि इनेसला या आरोपातून मोकळी करते. रेतीचं पिंप तिलाच द्यायचं होतं, पण कायदा आडवा आला. "राहू दे," इनेस म्हणाली, "माझ्याकडे तुझी रेती पुष्कळ आहे."

कलम चौथं, भांडणाविषयी. हे लिहायचं नाही असं झानिनबाईंचं म्हणणं होतं. पण हेच तर मुख्य.

सायकलीचा पुढचा चिमटा म्हणजे दोन नळ्या, खाली पुढच्या अंगाला वाकवलेल्या. दोघींचा बाक सारखा हवा. अक्रोडाच्या लाकडाचा साचा बाकड्याला घट्ट बसवलेला असतो. नळीचं बारीक टोक साच्याच्या खाचेत, जाड टोकावर लांब पाइप चढवायचा आणि त्या पाइपवर एकाने सगळं अंग टाकून रेलायचं. रेलणाऱ्याला बाक दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, बाक बघायचा आणि बाकड्यावर नट आवळायच्या किल्लीने ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे अजून थोडं. दोन म्हणजे थांब. पोलाद जरा मागे सरकतं, म्हणून हवं त्याच्या किंचित पुढे नेऊन थांबवायचं. जिल्दो होता तेव्हा तो रेलायचा. तो गेल्यावर सेवेरिनो रेलतो. ठोके पहिल्यापासून माझे.

फादर उल्देरिकोंची सायकल आम्ही मे महिन्यात करत होतो. मे महिन्यात नदीकाठच्या पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो हे गावातल्या मांजरांनाही माहीत आहे. दुसरी नळी साच्यात होती. अर्धा बाक झाला आणि मला शिंक आली. हातात किल्ली, किल्ली बाकड्यावर आपटली, टक टक. सेवेरिनो थांबला. मी नाक पुसून वर पाहते तर त्याने नळी काढूनही ठेवलेली. मला वाटलं, त्याने पहिलीशी लावून पाहिली असेल. त्याला वाटलं, मी पाहिली असेल. वर जेवायला पांढरा अ‍ॅस्परॅगस आणि अंडी होती, थंड होत होती. दोघंही पळालो.

त्या चिमट्याची सायकल सरळ जाईना. फादर तिला उजवीकडे ओढत आणि ती डावीकडे जाई. बिशपसाहेब गावात आले त्या दिवशी फादर त्यांना सामोरे निघाले आणि त्यांच्या देखत झग्यासकट कालव्यात गेले.

सेवेरिनो म्हणाला, "तुम्ही ठोके दिलेत." मी म्हटलं, "मी शिंकले. शिंक आणि ठोका यातला फरक गाढवालाही कळतो." त्यावर हा गेला आणि बाजारातून तयार कार्बनची सायकल घेऊन आला. तिचा चिमटा सरळसोट, कुठे बाक म्हणून नाही. ती घेऊन तो मंडळाच्या जेवणाला आला, माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि सगळ्यांना म्हणाला, "हिला शिंक लागत नाही." मी त्याला पोलेंटा वाढला नाही. मग ती फुटक्या कवडीची भीष्मप्रतिज्ञा झाली, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

काम मात्र बंद नाही. चिमटा वाकवायला माणसं दोनच लागतात, त्याला आम्ही काय करणार. सोमवारी तो येतो, रेलतो, मी ठोके देते, तो जातो. तीन ठोके असा एक नवीन ठोका मी काढला आहे, त्याचा अर्थ गाढवा. तो त्याला कळतो, कारण त्यावर तो खोकतो.

"इनेस," इथे सेवेरिनो भिंतीला म्हणाला, "त्यांना सांग, झालं असेल तर मी सही करतो. मला बकऱ्यांचं पाहायचंय."

"ती इथेच बसली आहे," इनेस म्हणाली. "तूच सांग."

त्याने खुर्ची भिंतीकडे आणखी सरकवली. झानिनबाईंनी विचारलं, हे लिहू का? लिहा.

कलम पाचवं. रेलायचा लांब पाइप पियेरिना न्हावीणबाईंना. त्यांच्या दुकानाला पडद्याची दांडी हवी आहे. (सेवेरिनोची खुर्ची कुरकुरली.)

कलम सहावं. सेवेरिनोने सही केल्यास अक्रोडाचा साचा कारखान्यासह लोरिसला. साच्याला भोकं पाडून तो भिंतीवर लावायचा आणि भोकांतून बाटल्या अडकवायच्या, असा त्याचा विचार आहे.

"भोकं?" सेवेरिनो म्हणाला. मग वळला. "अक्रोडाला भोकं?"

"ड्रिलने," मी म्हटलं.

"जिल्दोने तो कोरला तेव्हा लाकूड मी धरलं होतं. माझ्या अंगठ्याला अजून खूण आहे."

"मला काय सांगतोस? मी मेलेली असेन. लोरिसला सांग."

"वहिनी, तुम्ही मुद्दाम करताय."

"मग काय चुकून करतेय? नोटरी बोलावून?"

तो परत भिंतीकडे वळला, पण अर्धाच. झानिनबाईंनी पेन थांबवलं होतं, त्यांना मी पुढचं नीट लिहायला सांगितलं. ते असं.

हा माणूस माझ्याशी बोलत नाही. तरी सोमवारी सकाळी जिन्याखाली त्याच्या बुटांचा आवाज आला की मला बरं वाटतं. जिल्दो गेला तेव्हा मला वाटलं होतं, आता किल्ली नदीत टाकावी. दुसऱ्या सोमवारी हा न विचारता येऊन पाइपवर रेलला, म्हणून मी जगले. कारखाना त्याने घ्यावा, विकू नये, आणि अंगात जोर आहे तोवर नळ्या वाकवाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी सगळी कलमं खड्ड्यात गेली तरी चालतील. मी गेल्यावर ठोके द्यायला कोणी लागेल, म्हणून ते काम मी इनेसला शिकवलं आहे.

"मला कधी शिकवलंस?" इनेस म्हणाली.

"शिकवीन."

बेकरीतून जळका वास यायला लागला होता, पण इनेस उठली नाही.

"ती शिंकच होती?" सेवेरिनोने विचारलं. मला विचारलं, भिंतीला नाही.

"शिंकच होती."

"ठोक्यासारखी शिंक कोणाला येते हो?"

"मला येते. माझ्या लग्नात आली होती. 'मान्य आहे का' असं पाद्रीबाबांनी विचारलं आणि मला शिंक आली. त्यांना वाटलं मी नाही म्हणाले. मिटवलं की पुस्तक त्यांनी."

सेवेरिनो माझ्याकडे बघत राहिला. "आणि जिल्दो पांढराफटक पडला," तो म्हणाला. "मी त्याला मागून धरला होता." आणि तो हसायला लागला. खुर्ची हलेपर्यंत हसला, मग डोळे कोटाच्या बाहीने पुसले. रविवारच्या कोटाच्या. मीही हसले, ते झानिनबाईंनी कंसात लिहायचं म्हटलं, पण मी नको म्हटलं.

मग मृत्युपत्र वाचून दाखवण्यात आलं. सह्यांची वेळ आली. झानिनबाईंनी पेन सेवेरिनोपुढे धरलं. त्याने ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, टेबलावर ठेवलं, उठला, खिडकी उघडली आणि खाली रस्त्यावर ओरडला, "डॉक्टर, लिहिता येतं का तुम्हाला? वर या."

खाली डॉ. कोराद्दो होते, गुरांचे डॉक्टर. ते एका गाभण गाईकडे निघाले होते. त्यांना सही करायला लागेल तेवढाच वेळ थांबवून घेतलं.

कलम सहावं सबब रद्द. कलम पाचवंही रद्द, पियेरिनाने दांडी विकत आणावी. कारखाना, साचा, पाइप आणि ठोक्यांची किल्ली माझा दीर सेवेरिनो तेस्सारोलो याला. यापूर्वी मी कोणाला काही कबूल केलं असेल तर ते या कागदापुढे फोल समजावं.

हे सर्व मी सांगितलं, ऐकलं, पटलं म्हणून माझी सही.

ओनोरिना तेस्सारोलो

साक्षीदार:
इनेस फाव्हेरो, बेकरी. (ब्रेड करपला.)
कोराद्दो मिओत्तो, पशुवैद्य. (घाईत.)

माझ्या समक्ष, नोटरी ए. झानिन
कास्तेलरोव्हेर, दहा नोव्हेंबर, सेंट मार्टिनच्या सणाचा आदला दिवस

समासातील नोंद, नोटरीच्या हातची: साक्षीदार म्हणून आधी घातलेलं सेवेरिनो तेस्सारोलो हे नाव त्यांनी स्वतः खोडलं. खोडलेल्या नावाखाली त्यांच्याच अक्षरात पुढील मजकूर आहे. त्याला कायद्याने काही अर्थ नाही, पण लिहून ठेवणारीच्या आग्रहावरून तो तसाच राहू दिला आहे:

वहिनी, सोमवारी नवीन नळ्या येताहेत. उगाच मरायबिरायचं बघू नका.